एकाही पक्ष्यानं मान वर केली नाही

सन्माननीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरचे आमचे साहेब, माझ्या डाव्या हाताला बसलेले आणि आत्ताच माझं नको इतकं कौतुक केलेले माझे थोरले बंधू, किनारा मोजणी कार्यालयातले माझे सहकारी आणि चहा होईपर्यंत थांबायचंच असं ठरवून आलेल्या सज्जनहो,

एकतीस वर्षं मी चिखल मोजला. शब्द मोजायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

नव्या मंडळींसाठी सांगते. ओहोटीला समोरच्या बेटापर्यंत चिखलातली वाट उघडी पडते. बेटावरची माणसं तिच्यावरून ये-जा करतात. चिखल कुठं पाय पेलतो आणि कुठं गिळतो, हे बांबूनं चाचपून खुणेच्या काठ्या रोवायच्या, हे आमचं काम. दादानं आणि मी ते बरीच वर्षं जोडीनं केलं. घरी तो माझा दादा, चिखलात माझा साहेब. म्हणजे दोन्हीकडे ऐकून घ्यायचं मीच. हसतोय बघा.

मघाशी त्यानं बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. धुक्यात तो चुकला, मी हाका मारल्या, त्या आवाजानं तो मागे फिरला आणि वाचला. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो ही गोष्ट सांगतो. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. पण निरोपाच्या दिवशी खोटं श्रेय पदरात बांधून घरी जाणं मला बरं वाटत नाही. म्हणून उरलेली गोष्ट आज सांगते. दादा, तूही ती पहिल्यांदाच ऐकतो आहेस.

सकाळचे अकरा वाजले होते. बेटाकडून परत निघालो आणि धुकं उतरलं. एका काठीपासून दुसरी जेमतेम दिसावी, इतकं. भरतीला तासभर उरला होता. अर्ध्या वाटेत मला ते पक्षी दिसले. चिखलात चोची खुपसणारे, बारीक पायांचे, रोजचेच. पण त्या दिवशी ते खात नव्हते, उडत नव्हते, आवाजही करत नव्हते. शेकडो पक्षी एका दिशेनं, डावीकडे, नुसते चालत होते. आमच्या काठ्या उजवीकडे जात होत्या.

मी तिथंच थांबले. आई सांगायची तसं डोळे मिटून मनातल्या मनात देवाला विचारलं, बाबा रे, कुठं जाऊ? आणि आतून अगदी स्वच्छ वाटलं, यांच्यामागे जा. दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "काठ्या मी रोवल्यात. देव काठ्या रोवत नाही." मग आमची जुंपली. दोघांनी एकमेकांना सोडायचं नाही, हा आपला पहिला नियम. तो त्या दिवशी आम्ही दोघांनी मोडला. तो काठ्यांमागे गेला, मी पक्ष्यांमागे.

पाणी घोट्याला लागलं तेव्हा मला दादाचा आवाज आला. समोरून, थोडा उजवीकडून, वीसेक पावलांवरून. "छकुले, इकडं ये. इथं कोरडं आहे."

लहानपणानंतर त्यानं मला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. आवाज इतका मायेचा, की माझं पाऊल वळलंसुद्धा. आणि तेवढ्यात माझं लक्ष पायाशी गेलं. पक्षी चालतच होते. आपण साधं खाकरलो तरी थवाच्या थवा उडतो, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. इथं एक पुरुष एवढ्या जवळून हाक मारतोय आणि एकाही पक्ष्यानं मान वर केली नाही. तो आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता.

मी पाऊल मागे घेतलं आणि पक्ष्यांबरोबर चालत राहिले. हाक येतच होती, प्रत्येक वेळी आधीपेक्षा गोड. पायाखाली रेती लागली तेव्हा कुठं ती थांबली.

अर्ध्या तासानं दादा आला, छातीपर्यंत भिजलेला. आधीच्या वादळात खोल चर सरकला होता आणि त्याच्या काठ्या नेमक्या त्यात उतरत होत्या. म्हणाला, "किती ओरडलीस गं. ‘मागे फिर, गाढवा, मागे फिर.’ जन्मात पहिल्यांदा मला गाढव म्हणालीस." मी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली आणि गप्प राहिले.

कारण मी ओरडलेच नव्हते. तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

मग त्याला कुणी वळवलं? मला कोण बोलावत होतं? सज्जनहो, मी प्रवचनकार नाही. एवढंच सांगते, की मला आलेला आवाज मला हवं तेच बोलत होता, आणि दादाला आलेला त्याला मुळीच नको होतं ते. पुढं आयुष्यात मोठ्या शहरातली नोकरी चालून आली, एक स्थळ आलं, घर विकायचा प्रसंग आला. दर वेळी मी आधी मुकाट्यानं विचारलं, मग वाट पाहिली. आणि उत्तर फारच गोड वाटलं, तर आणखी थोडी वाट पाहिली. फसले नाही, असं म्हणणार नाही. पण एकटी चालले, असंही कधी वाटलं नाही.

आपण सगळे वेळात वेळ काढून आलात, ही शाल दिलीत, इतकी वर्षं माझा तिखट स्वभाव सोसलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला.

एक चूक मात्र अशी पोटात घालून चालणार नाही, तिची माफी एकट्यापाशी मागायची आहे. दादा, त्या दिवशी तू चुकीच्या वाटेनं गेलास हे मला कळलं होतं. मी तुला हाक मारायला हवी होती. नाही मारली. तोंड उघडलं, तर मी कुठं आहे हे त्या आवाजाला कळेल, अशी भीती वाटली मला. माझी हाक मग दुसऱ्याच कुणी मारली. मला क्षमा कर.