दाढ आणि सात सामने

दातांच्या दवाखान्यात एक शिंपी गालाला रुमाल लावून बसला होता. शेजारच्या नवराबायकोचं बोलणं कानावर पडलं, तसा तो स्वतःचं दुखणं विसरून कान टवकारून बसला.

"फक्त शनिवारपर्यंत कळ काढ ना," नवरा म्हणाला.

"दोन महिने काढतेय. आज दाढ काढूनच घरी जाणार."

"अगं, तुझी दाढ दुखायला लागली आणि आमचा संघ जिंकायला लागला. सलग सात सामने! त्याआधी नुसता मार खात होते."

"साता समुद्रापलीकडच्या त्या फुटबॉलवाल्यांना माझ्या दाढेची काय खबर?"

"त्यांना नसेल. दाढेला आहे."

"अहो, दोन महिने मी एकाच बाजूने चावतेय!"

"आणि सगळे गोल डावीकडूनच होतायत! दुखतेय कोणती?"

"मग तुमचीच दुखवून घ्या की एखादी."

"अक्रोड फोडून पाहिले. अक्रोड फुटतात, दाढ ठणठणीत. बेइमान आहे मेली."

"आठ नंबर!" काउंटरवरची मुलगी ओरडली.

बायको तरातरा उठली. दाराशी जाऊन थबकली.

"शनिवारी आहे कोणाशी?"

"त्याच निळ्या शर्टवाल्यांशी," नवरा पुटपुटला.

"ज्यांनी आपल्या त्या कुरळ्या पोराचा पाय मोडला?"

"तेच."

बायकोने गाल दाबून धरला, डोळे मिटून एक कळ जिरवली आणि काउंटरकडे वळली.

"ताई, मला सोमवारची वेळ द्या. आज या रुमालवाल्यांना घ्या आत."