दोन शाली आणि निळी चिकटपट्टी

आजच्या सभेचे एक अध्यक्ष माननीय उल्हासराव, दुसऱ्या अध्यक्ष माननीय सुनेत्राताई (नावं वयाच्या क्रमाने घेतली आहेत, कोणी मनाला लावून घेऊ नये), दोघांच्या मधोमध अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती आंद्रेआसभाऊ, आणि सातासमुद्रापार या पार्सिपनीतल्या दोन्ही मराठी मंडळांतील बंधुभगिनींनो,

मी शैलजा, जुनी मॅट्रिक. देवाची मांडणी करणं एवढंच मला येतं. तरी भाषणाला मला उभं केलं, कारण मी दोन्हीकडचे मोदक खाते.

चर्चच्या या हॉलची देखभाल आंद्रेआसभाऊंनी अठ्ठावीस वर्षं केली. मंगळवारी ते सायप्रसला, आपल्या बेटावर, कायमचे परत चालले आहेत. आपल्याला ते कशासाठी आठवतील? चिकटपट्टीसाठी!

गेल्या महिन्यात मोदक उकडीचे की तळणीचे, यावरून आपलं मंडळ फुटलं. दोघांनीही गणपतीसाठी हाच हॉल, एकच शनिवार बुक केला. दोन गणपती, दोन माइक. बाप्पालाही कळेना, कुणाच्या आरतीकडे कान द्यायचा. तेव्हा हा गृहस्थ रंगाऱ्याची निळी चिकटपट्टी घेऊन आला आणि फरशीवर मधोमध सरळ रेघ मारून मोकळा झाला.

मी म्हटलं, "भाऊ, हात फार सराईत दिसतो!"

ते म्हणाले, "काकू, आमच्याकडे रेघ सैन्याने मारली. तुम्ही लोक बरे. पट्टीवर भागलं." मग विचारलं, "तुमचा धर्म वेगळा?"

"नाही."

"भाषा?"

"नाही हो."

"मग भांडता कशावरून?"

मी मोदक दाखवला. माणूस खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

हसून झाल्यावर सांगितलं. चौऱ्याहत्तर साली लढाई होऊन त्यांचं बेट दुभंगलं. उत्तरेला तुर्की मुसलमान, दक्षिणेला ग्रीक ख्रिस्ती. भाऊ ग्रीक, पण घर राहिलं उत्तरेत. गेल्या वर्षी त्या रेघेवरचे नाके ये-जा करायला उघडले, तसे नाताळात हे गेले. एकोणतीस वर्षं पाठ केलेल्या शिव्या घेऊन स्वतःच्याच दाराची कडी वाजवली. दार एमिने नावाच्या बाईंनी उघडलं. त्यांनी आधी कॉफी ठेवली आणि म्हणाल्या, "माझं घर दक्षिणेत राहिलंय. अंगणातलं लिंबाचं झाड आहे का, तेवढं बघून याल?"

शिव्या राहिल्या बाजूला. भाऊ तिकडे गेले, तर त्या घरात कोण राहत असावं? त्यांचाच सख्खा चुलतभाऊ! तो म्हणाला, "कुणाचं झाड? माझं आहे." भाऊंनी एक लिंबू तोडलं, नाका ओलांडला आणि एमिनेबाईंच्या हातावर ठेवलं. बाई ते नुसतं हुंगत बसल्या.

चुलतभावाने त्या दिवसापासून बोलणं टाकलं. "शत्रूला लिंबू देतोस?" म्हणाला. या एप्रिलात बेट एकत्र करायचं का, म्हणून मतदान झालं. उत्तरेने हो म्हटलं, दक्षिणेने नाही. आता भाऊ चालले आहेत ते त्याच चुलतभावाच्या गावात राहायला. दुसरं जवळचं माणूस उरलेलं नाही.

आता आजचं बघा. दोन्ही मंडळांनी एकमेकांना न विचारता शाल आणली, नारळ आणला. दोन शाली, दोन नारळ! मला लाज वाटली. भाऊ मात्र खूश. मघाशी मला हळूच विचारलं, "काकू, एक शाल एमिनेला दिली तर तुमच्या देवाला चालेल?"

म्हटलं, "चालेल. आणि दुसरी?"

"चुलतभावाला."

"त्याने दार नाही उघडलं तर?"

"पायरीवर बसेन. दोन नारळ आहेत की!"

उल्हासराव, सुनेत्राताई, आता उरला प्रश्न पट्टीचा. ती मारायला पुढच्या वर्षी भाऊ नाहीत, आणि माझे गुडघे वाकत नाहीत. म्हणून मी एकच पाट मांडणार आहे. मोदक दोन्ही ठेवा, बाप्पा काय खायचं ते बघून घेईल.

भाऊ, दार लवकर उघडो. सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुणाला लागलं असेल, तर मला मोठ्या मनाने माफ करा, आणि जेवायला एकाच रांगेत या.