सरांच्या मानेचा प्लॅन

सर: नाही म्हणजे नाही. चहा निवायच्या आत तयार झालेल्या प्लॅनखाली मी माझी मान ठेवणार नाही.

भिंगरी: चहा केव्हाच निवलाय, सर. तुम्ही कपाला हातसुद्धा लावला नाहीत.

काकू: लावतील कसा? तोंड रिकामं हवं ना! सकाळी उठल्यापासून हेच चाललंय. दात घासताना यंत्र, मोजे घालताना यंत्र. मी म्हटलं, अहो, निदान दोन्ही मोजे एका रंगाचे तरी घाला.

सर: तू मध्ये पडू नकोस. हा तांत्रिक विषय आहे.

काकू: असेल. गाठ तुमच्या घशात आहे, पण तुमची गाठ माझ्याशी आहे, एवढं ध्यानात ठेवा.

भिंगरी: बरोबर बोललात काकू.

सर: फितूर झालीस? याच खोलीत, याच खुर्चीवर बसवून तुला शिकवलं मी. तेव्हा एका जागी दोन मिनिटं टिकत नव्हतीस, म्हणून भिंगरी नाव पडलं. आणि आज माझ्याच खुर्चीत बसून मला शहाणपण शिकवतेस!

भिंगरी: निवृत्त होताना तुम्हीच बसवलंत की! म्हणालात, आता विभाग तू सांभाळ.

सर: विभाग सांभाळ म्हणालो, यंत्राच्या गळ्यात बांध नाही म्हणालो. सांग बघू, रेडिएशनचा प्लॅन म्हणजे काय?

भिंगरी: गाठीला सोडायचं नाही आणि शेजाऱ्यांना छेडायचं नाही.

सर: शाबास. किरण कुठल्या बाजूनं सोडायचे, कुठे जोर लावायचा, कुठे हात आखडायचा, यात माझा अख्खा दिवस जायचा. दुसऱ्या दिवशी ते सगळं पुसून पुन्हा नव्यानं मांडायचो. आणि तुमचं हे कॉम्प्युटरचं पोरगं बटण दाबलं की प्लॅन ओकतं!

भिंगरी: ओकलेलं तसंच लावत नाही आम्ही. मी तपासते, मग डॉक्टरबाई तपासतात. त्यांच्या सहीशिवाय किरणांच्या मशीनवर काही चढत नाही. तुम्ही घरी बसलात म्हणून काय हॉस्पिटलला टाळं लावायचं होतं?

सर: लावलं असतंत तर बरं वाटलं असतं मला.

काकू: बघ! आता कसं खरं बोलले.

भिंगरी: आणि तुमचा हट्टही पुरवलाच ना आम्ही? डॉक्टरबाई म्हणाल्या, करू दे सरांना स्वतःचा प्लॅन स्वतः. परवा आतून कडी लावून बसला होतात की दुपारभर.

सर: बसलो होतो. आणि फर्मास झालाय प्लॅन.

भिंगरी: पण बाहेर आलात तेव्हा शीळ नव्हती.

सर: काय?

भिंगरी: प्लॅन जमला की तुमची शीळ पार जिन्यापर्यंत ऐकू यायची. आम्ही म्हणायचो, चला, कुणाचं तरी भलं झालं. परवा नाही वाजवलीत.

सर: घसा दुखत होता.

काकू: शीळ घशातून वाजते वाटतं? अगं, काय सांगू तुला त्या शिळेचं. लग्न झाल्यापासून माझे कान किटलेत. दाढी करताना तीच, जिना चढताना तीच. एकच चाल, आणि तीही अर्धी!

सर: पूर्ण येते मला. दारापर्यंत पोचतो तोवर तू मध्येच दार उघडतेस.

काकू: मग काय पूर्ण होईपर्यंत बाहेर ठेवू?

सर: आता माझं ऐका दोघी. माझ्या गाठीला लागूनच लाळग्रंथी आहेत. त्या होरपळल्या की तोंडाला कोरड पडते. जेवणाची चव जाते, बोलताना जीभ टाळूला चिकटते. आणि शीळ? कोरड्या तोंडानं शीळ वाजवून दाखवावी कुणीही. त्या डब्याला शीळ ठाऊक आहे का? तो काय सांभाळणार माझं?

भिंगरी: पैज लावता?

सर: कसली?

भिंगरी: दोन्ही प्लॅन शेजारी शेजारी लावते. एक तुमचा, एक यंत्राचा. नावांवर कागद चिकटवते. कुठला कुणाचा ते तुम्ही सांगायचं आणि कुठला चांगला तेही तुम्हीच सांगायचं. तुमचा सरस ठरला तर तो घेऊन मी स्वतः जाते डॉक्टरबाईंकडे.

काकू: आणि नाही ठरला तर हे निमूट उपचाराला झोपणार. आणि मोजे मी काढून देईन ते घालणार.

सर: लाव. झोपेतसुद्धा ओळखेन माझा प्लॅन.

काकू: अगंबाई, पडद्यावर ही काय रंगपंचमी?

भिंगरी: हे सरांच्या मानेचं चित्र आहे काकू, आडवा काप घेतल्यासारखं. लाल म्हणजे पुरेपूर डोस, पिवळा त्याहून कमी, निळा नावापुरता. ही पांढरी रेघ गाठीची हद्द, डॉक्टरबाईंनी आखलेली. तिच्या आत सगळीकडे लाल पोचला पाहिजे.

सर: डावीकडचा माझा! यात विचार कसला करायचा? हे बघ, मणक्याजवळ आल्यावर डोस कसा पाय आवरून घेतोय. ही माझी सवय. मणका दिसला की मी नेहमीपेक्षा चार पावलं जास्तच मागे सरायचो. पूर्वीचे डॉक्टर हसायचे मला. आणि गाठीत बघ, काठोकाठ लाल. एका बाजूची लाळग्रंथीही बरीचशी वाचवलीय. याला म्हणतात हात!

भिंगरी: आणि उजवीकडचा?

सर: तो तुमच्या लाडक्याचा. बघ ना, लाळग्रंथीला कुरवाळत बसलाय आणि गाठीच्या कडेला लाल पोचलाच नाही. इथे रेघेच्या आत पिवळं आलंय, दिसतंय? ही कड उपाशी राहिली की गाठ पुन्हा डोकं वर काढणार. असला प्लॅन माझ्या पेशंटला लावायला कुणी आणला असता तर त्याला या खोलीच्या उंबऱ्यावरूनच हाकलला असता मी. कुठल्या गाढवानं...

भिंगरी: सर.

सर: काय?

भिंगरी: कागद काढू?

काकू: काढ, काढ! ... काय झालं? काय लिहिलंय? माझा चष्मा घरी राहिलाय. कुणीतरी वाचा.

भिंगरी: उजवीकडचा सरांचा आहे, काकू.

काकू: म्हणजे ते गाढव...

भिंगरी: मी काही बोलले नाही हं.

सर: शक्य नाही. मणक्याजवळची ती सवय माझी आहे. या हॉस्पिटलात दुसरं कुणी तसं करत नव्हतं.

भिंगरी: नव्हतंच. पण यंत्राला शिकायला जुने प्लॅन लागतात ना सर. आम्ही विभागातले चांगले तेवढे निवडून दिले. ते बहुतेक तुमचेच निघाले. ती सवय त्यानं तुमच्याकडूनच उचललीय.

काकू: घ्या! म्हणजे मघापासून स्वतःच्याच पोराला नावं ठेवताय आणि स्वतःचीच पाठ थोपटताय.

सर: थांब गं जरा.

काकू: काय झालं? चेहरा का उतरला एवढा?

सर: हे पिवळं मला परवाच दिसलं होतं. चांगलं दिसलं होतं. आणि मी मनाशी म्हटलं, चालेल. इतकी माणसं या टेबलावरून गेली, एकाच्याही बाबतीत मी ‘चालेल’ म्हटलं नाही.

भिंगरी: म्हणून शीळ आली नाही परवा.

काकू: मग आताच का हो म्हटलंत?

सर: भीती वाटली.

काकू: गाठीची?

सर: छे! जिना चढून येईन आणि तोंडातून नुसती हवा येईल, त्याची.

काकू: वेडे आहात का? शीळ गेली तर गेली. दाराला घंटी आहे आपल्या. ती दाबणारा माणूस तेवढा हवाय मला.

भिंगरी: आणि शीळ जाईलच असं नाही सर. डावीकडच्या प्लॅनमध्ये बरीच आशा आहे. खात्री मात्र देत नाही. खात्री देणाऱ्यापासून लांब राहायला तुम्हीच शिकवलंत.

सर: डावीकडचाच लाव. खरंच चांगला आहे गं तो. कार्टं माझ्याहून धीट निघालं.

काकू: आता तो चहा प्या.

सर: गार ढोण झालाय.

काकू: पैज हरलेल्याला तसलाच मिळतो.

(उपचाराचा पहिला दिवस. सर आत, जाड दारापलीकडे एकटे टेबलावर. बाहेर पडद्यासमोर काकू आणि भिंगरी.)

काकू: त्यांना ऐकू जातंय का इथून?

भिंगरी: हे बटण दाबून बोला.

काकू: अहो, बरे आहात ना?

सर: ऊं.

काकू: ऊं काय?

भिंगरी: मान हलू नये म्हणून मास्क टेबलाला पक्का बसवलाय. ओठ हलत नाहीत त्यात.

काकू: बाई गं! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उलट उत्तर आलं नाही. हा मास्क घरी नेता येईल का?

भिंगरी: उपचार संपले की तुम्हालाच देते.

सर: ऊंऽ ऊंऽ!

भिंगरी: सर, सगळं जागेवर आहे. डॉक्टरबाईंनीही बघितलंय. सुरू करू? तयार असाल तर अंगठा दाखवा.

काकू: थांब, थांब. हात बघ त्यांचा. अंगठा मुठीत दडवून ठेवलाय.

भिंगरी: हो, दिसतंय. जरा थांबू या. काकू, मशीन सुरू असताना आत कुणालाच राहता येत नाही, नाहीतर तुम्हाला सोडलं असतं.

काकू: ते बटण इकडे दे. अहो, ऐका. मला काही येत नाही, ठाऊक आहे तुम्हाला. पण हसायचं नाही हं, मान हलेल. फूऽ... फुफूऽ... फूऽऽ...

भिंगरी: काकू, नुसती हवा येतेय.

काकू: येऊ दे. अंगठा वर केला बघ त्यांनी. चाल ओळखली.