मौनाचं ताट

नाही, नाही, तू बोलू नकोस — नुसती मान हलव, मला कळतं. अर्धी? बरं, अर्धीच वाढते. तूप मात्र घे हं, सवाष्णीच्या पोळीवर तूप कमी पडलं तर ती जिवती दिवसभर माझ्याकडेच बघत राहील. आणि मौनाची काळजी करू नकोस, वल्लरी, हा नेम मीसुद्धा केलाय — अख्खा चातुर्मास, ताटावर बसल्यापासून आचवेपर्यंत तोंडातून शब्द नाही, चुकून निघालाच तर तिथेच ताट सोडून उठायचं. आमचे हे तेव्हा म्हणाले होते, सुलभा, तू आणि मौन? देवालासुद्धा खरं वाटायचं नाही! — ऐकतायत बरं का खाली बेसमेंटमध्ये, टीव्हीचा आवाज कमी झाला बघ. आमचा अवधूत तेव्हा खेळत होता. त्याला वरच्या संघात कायमचं घ्यावं, म्हणून केला होता मी तो नेम. हो, खेळासाठी. हसू नकोस, ठसका लागेल. तू नाही का यतीनसाठीच धरलायस? मला कोणी सांगायला नको. तो त्याच संघाच्या खालच्या टीममध्ये, त्याच जागी उभा राहतो जिथे माझा अवधूत उभा राहायचा, मग आईनं दुसरं कशासाठी मौन धरायचं?

वरण घे. आज मेला सगळ्यालाच उशीर झाला — आधी पुरण सैल झालं, मग जिवतीचा कागद सापडेना, पोथ्यांच्या कपाटात ठेवलेला तो निघाला औषधांच्या ड्रॉवरमधून. साडेबाराला तू ताटावर असायला हवी होतीस. असू दे. सावकाश जेव. म्हणजे — फार सावकाश नको, पण जेव.

तू अवधूतला कोटातच बघितलंयस, नाही? तुला वाटत असेल तो जन्मला तोच संघाचा असिस्टंट जनरल मॅनेजर म्हणून. अगं, ह्याच घराच्या गॅरेजच्या दाराला बॉल आपटून आपटून पोचे पाडलेत त्यानं. हे त्याला क्रिकेट शिकवायला गेले, आणि तो शेजारच्या पोरांकडून बेसबॉल शिकून आला. शॉर्टस्टॉप — दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहायचं, जमिनीलगत सरपटत आलेला बॉल उचलायचा आणि पहिल्या बेसला फेकायचा. मी म्हणायची, एवढ्यासाठी का रे आम्ही अमेरिकेत, ह्या पार्सिपनीत येऊन राहिलो? पण हात बघितलेस तू त्याचे? बाळाला आंघोळीच्या पाण्यातून उचलावं तसा बॉल उचलायचा. ते मला कळायचं. बाकी खेळ नाही कळला मला कधी.

कॉलेज झालं आणि हा त्या खालच्या संघांत गेला, मोठ्या संघासाठी पोरं तयार करतात तिथे. मग काय, बस. आज ह्या गावात, उद्या त्या गावात, एका खोलीत चौघं, जेवायला पीनट बटर. मी थालीपीठाची भाजणी पाठवायची, तर पार्सल पोचेपर्यंत हा दुसऱ्याच गावाला, आणि मागे राहिलेला कोणी पोरगा तिचे पॅनकेक करून खायचा — सिरप घालून! चांगले लागले म्हणे. मंडळाच्या गणपतीत रेखा दरवर्षी विचारायची, "अजून खेळतोच का हो अवधूत?" — जसा काही ताप अजून उतरला नाहीये. आता तीच तिकिटं मागते. मी देते. देवाच्या दारात काय राग धरायचा.

एका उन्हाळ्यात वरच्या संघातल्या कोणाचा तरी अंगठा मोडला आणि ह्याला बोलावणं आलं. आम्ही गेलो, मी नारायणपेठ नेसून. पहिल्याच दिवशी बॉल त्याच्या पायांमधून निघून गेला — ते टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं. दुसऱ्या दिवशी आडवी उडी मारून त्यानं असा काही पकडला — तो एकदाच दाखवला. पानं गळायच्या आत ह्याला परत खाली पाठवलं. मग गुडघा. मग तो माझा चातुर्मास.

कोशिंबीर राहिली का? घे. — तर मी अशीच ताटावर बसलेली, भाताचा पहिला घास तोंडात, आणि फोन. ह्यांनी आणून कानाशी धरला. म्हणाले, अवधूत आहे. तो म्हणाला, आई, संघातून सोडलं मला. एवढंच. आणि माझ्या जिभेवर सगळं आलं बघ — का सोडलं, कोणी सोडलं, तू त्यांना गुडघ्याचं नीट सांगितलंस का, दुसरा संघ बघ, बाबांशी बोल, मास्टर्सचा फॉर्म भर. सगळं. पण नेम होता ना. शब्द काढला नाही. तो दोनदा हॅलो हॅलो म्हणाला, मग त्यालाच आठवलं, म्हणाला, ओह, तुझं मौन. मला वाटलं ठेवेल आता फोन. तर नाही ठेवला, वल्लरी. बोलायला लागला. गाडीत बसलोय, म्हणाला, शेजारच्या सीटवर ग्लोव्ह आहे आणि पार्किंगमधून बाहेर पडून डावीकडे वळू की उजवीकडे, मला कळत नाहीये. सांगणारा माणूस माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, म्हणाला, सारखा प्रिंटरकडे बघत होता. आणि मग हळूच म्हणाला — आई, एक क्षण मला बरं वाटलं गं, सुटलो असं वाटलं, आणि त्याची इतकी लाज वाटतेय. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. मी विचारत बसले असते ना, तर तो "आय अ‍ॅम फाइन, आई" म्हणाला असता आणि मीही ते खरं मानून वाढायला उठले असते.

पुढे त्याच संघानं त्याला कामाला घेतलं. आधी गाडी घेऊन गावोगाव, दुसऱ्यांची पोरं बघायला. मग एक कोपऱ्यातलं टेबल. मग खालच्या संघांचा सगळा कारभार. आणि दोन वर्षांपूर्वी हे मोठं पद. वरच्या संघात कायमचा झाला म्हणायचा, नाही का? त्यानं फोन करून सांगितलं, मी देवापुढे साखर ठेवली आणि परत मेथी निवडायला बसले. काही वाटलं नाही. हे रडले, मी नाही. कुठेतरी काहीतरी सुन्न झालंय ते झालंय. तोही म्हणतो, आई, मला आता काही होत नाही. पण ते खरं नाही. पोरांना सोडायचं असतं तेव्हा दुसरे लोक कोचला सांगायला लावतात, हा स्वतः जातो. उभा राहतो, पाण्याची बाटली हातात देतो, त्या मुलाकडे बघत, नावानं हाक मारून सांगतो. आणि त्या सकाळी मला फोन करून विचारतो, आई, आज जेवायला काय केलंयस? एरवी कधी विचारत नाही हं. एरवी त्याच्या तोंडी मुलींचं पोहणं. म्हणून मी ओळखते. आजसुद्धा विचारलंन. मी म्हटलं पुरण, श्रावणातला शुक्रवार नाही का, वल्लरीला सवाष्ण सांगितलंय. मग म्हणाला, आई, आज वल्लरीताईंना नको ना बोलावूस. मी म्हटलं, सांगितलेल्या सवाष्णीला येऊ नको म्हणू? डोकं ठिकाणावर आहे का? तर म्हणतो, किती वाजता जेवतील त्या? म्हटलं साडेबारा. बरं, म्हणाला, मग त्यांचं जेवण होऊ दे, मी एक वाजता त्याच्याशी —

काकडी घे ना गं.

नाही. उठू नकोस. वल्लरी, ताटावरून उठू नकोस. हे मी बोलायचं नव्हतं, तुला जेवू घालायचं होतं फक्त. हात असा करू नकोस, कळतंय मला काय विचारतेस. हो. यतीनच. — यतीनला ठेव म्हणून सांगून बघितलं मी अवधूतला, खोटं कशाला बोलू, जिवतीसमोर उभी राहून सांगितलं. म्हणाला, तू म्हणालीस म्हणून ठेवला, तर बाकीच्यांच्या आयांना मी काय सांगू? आणि एक ऐक — अवधूतमुळे यतीन आत गेला असं मानून तू मला साडी घेऊन आली होतीस ना, ते तसं नाहीये. अवधूतनं त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. दुसऱ्याच माणसानं निवडला त्याला, त्याचे हात बघून. ते हात त्याचे त्याचेच आहेत, ते कोणी काढून घेत नाही. रागाव माझ्यावर. संध्याकाळी ये आणि हवं ते बोल, मी खाली मान घालून ऐकेन. पुढचं काहीतरी होईल गं त्याचं, देव बसलाय ना, अवधूतचं नाही का झालं — बघ, मी परत बोलतच सुटले.

तुझ्या पर्समध्ये फोन थरथरतोय. सोफ्यावर. थांब, तुझा हात उष्टा आहे, मी आणते.

यतीनच आहे. घड्याळाकडे बघू नकोस. मी धरते कानाशी. त्याला माहीत आहे ना तुझ्या नेमाचं? मग झालं. काही विचारायचं नाही — का नाही, कसं नाही, पुढे काय नाही, अवधूतदादाशी बोलू का, तर तेही नाही. मी केलं तसं कर, वल्लरी, एवढं एकदा कर. तो बोलेल. घास गिळ आधी. हं. हिरवं बटण मी दाबते, आणि मीही आता —