चौथं केळं

नेब्रास्कातल्या कॉलेजच्या जिममध्ये वजनाच्या रांगेत अमेरिकन फुटबॉलचे सहा धिप्पाड खेळाडू, एक म्हातारा कोच आणि सोललेली चार केळी होती, प्रत्येकी पाव पौंडाची. वजनं लिहिणारी मार्लीस ऐकत होती.

“खा, ओडेल! पुढच्या फळीतला लाइनमन तीनशे पौंडांचा नसला, तर प्रो टीमवाले ढुंकूनही बघत नाहीत.”

“कोच, घशाशी आलंय.”

“मी असाच केळी खाऊन काट्यावर चढलो, तीन वर्षं प्रो खेळलो, म्हणून आज कोच झालो. गिळ!”

“तीन गिळली. चौथं कुठंय?”

“हातातच होतं की...”

“कोच, तुम्ही काय चघळताय?”

“अरे, टेन्शन आलं की माझं तोंड चालू होतं!”

“ओडेल, चढ काट्यावर,” मार्लीस म्हणाली.

तिने लिहिलं: तीनशेला पाव पौंड कमी.