एकटा घोडा

काका: एकटा घोडा उरलेला दिसला की तुझा बुद्धिबळाचा प्रोग्राम काय करतो? न बघताच बरोबरी?

पुतणी: समोर नुसता राजा असला तर हो, सरळ शून्य देतो, म्हणजे कुणाचंच पारडं जड नाही. एकट्या घोड्यानं मात होतच नाही, मग उगाच कशाला डोकं शिणवायचं?

काका: आणि समोर राजाबरोबर एखादं प्यादं असलं तर?

पुतणी: मग थांबून बघतो. काका, तुम्ही एवढी वर्षं बुद्धिबळाचे पंच, तुम्हाला मी काय सांगणार? हे बघा. काळा राजा कोपऱ्यात कोंडलेला. त्याला हलता येत नाही, म्हणून प्यादं ढकलावं लागतं, आणि ते येऊन त्याच्याच शेजारी बसतं. पळायची उरलीसुरली जागाही गेली. मग घोड्याची एक उडी आणि मात.

काका: अपवाद आहे तो. हजारात एखादा.

पुतणी: असेना. बाबांनी हट्टानं घालायला लावला, पहिल्याच दिवशी. एरवी ते माझ्या कामात कधी नाक खुपसत नाहीत.

काका: तुझ्या बाबानं?

पुतणी: हो ना. मी म्हटलं, तुम्ही तर सोंगट्यांना हातही लावत नाही. तर म्हणाले, हात लावत नाही म्हणून विसरलो थोडाच. का हो, चेहरा का उतरला तुमचा?

काका: त्याची शेवटची स्पर्धा होती ना, तिथं पंच मीच होतो. शेवटच्या डावात समोरच्याची वेळ संपली. वेळ संपली की माणूस हरतो, फक्त दुसऱ्याला मात करणं शक्य असायला हवं. तुझ्या बाबाकडे घोडा उरला होता. समोर एक प्यादं होतं, ते मी हिशेबातच धरलं नाही. बरोबरी म्हणालो आणि सही ठोकली.

पुतणी: म्हणजे बाबा जिंकले होते.

काका: अर्ध्या गुणानं निवड हुकली त्याची. भावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, मला त्याचीच धास्ती. महिन्याभरानं नियमांचं पुस्तक चाळताना चूक कळली. पुस्तक मिटून ठेवलं. तोवर तो गोदामात कामाला लागला होता.

पुतणी: आणि तुम्ही सांगितलं नाहीत.

काका: उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलो. त्याला काही ठाऊक नाही, या समजुतीवर एकतीस वर्षं काढली मी.

(धाकटा भाऊ चहा घेऊन येतो.)

धाकटा: जरा जागा करा, ट्रे ठेवू दे. दादा, असा का बसलायस?

काका: तो घोडा. तुला माहीत होतं?

धाकटा: तू बरोबरी म्हणालास तेव्हाच.

काका: मग तक्रार का नाही केलीस? एक अर्ज तर लिहायचा होता.

धाकटा: पंच म्हणून तुझी ती पहिलीच स्पर्धा. सख्खा भाऊच उलटला म्हटल्यावर पुन्हा कुणी बोलावलं असतं तुला? मला वाटलं, घरी आलास की तूच विषय काढशील. आठ दिवस वाट बघितली. मग गोदामातली नोकरी धरली. राग आला होता, खोटं कशाला बोलू. बरीच वर्षं होता.

काका: चुकलं माझं. पटावर चुकलो ते एक वेळ ठीक. नंतर गप्प बसलो, ते फार चुकलं.

धाकटा: हं. चहा घे, निवतोय.

काका: पट काढू? तोच डाव. तिथून पुढं खेळू.

धाकटा: खेळायला नको आता. नुसता मांड. एकदा बघू दे.