देवीपुढं घातलेलं शेअरचं गाऱ्हाणं

…आणि वर हेच मला विचारतात, तुला मनातल्या मनात मागता येत न्हाय का? अहो, कसं येणार? आमच्या गावच्या देवीला गाऱ्हाणं घालायचं ते गुरवानं, तेही खड्या आवाजात, नावगावासकट, ही रीत काय मी काढली? तुम्हाला सांगते, मी कुणाचं वाईट चिंतलेलं न्हाय. आपला शेअर वाचावा एवढंच मागायला गेलते.

शेअर कसला, तर विजेच्या कंपनीचा. आमच्या भागातली वीज सरकारकडनं त्या कंपनीकडं गेली तेव्हा हे म्हणाले, लोक काय दिवे लावायचं सोडणार हायत? मला पटलं. आईच्या पाटल्या खडेबाजारात सोनाराकडं मोडल्या, चांगला दिवस बघून शेअर घेतले आणि ठरवलं, लेकीचं, अबोलीचं, नर्सिंग यातनंच करायचं. भाव असा चढला की टीव्हीला हळदकुंकू लावायचं तेवढं राहिलं होतं. आणि आता निवडणूक आली, आणि एक पक्ष म्हणतोय, आम्हाला निवडून द्या, वीज परत सरकारची करतो. झालं. भाव लागला घसरायला. सरकारनं कंपनी घेतली तर आपले पैसे? विचारलं मी ह्यांना. पेपरातनं तोंड न काढता म्हणाले, सरकार देईल तेवढे. तेवढे म्हंजे किती? तर म्हणे, ते सरकारलाबी अजून ठावं न्हाय.

आता विकावं तर तोटा, ठेवावं तर धास्ती… माणसानं देवीकडं न्हाय जायचं तर कुठं जायचं? साडी, खण, नारळ घेतला आणि पिरनवाडीहून दोन बस बदलून काकतीच्या पुढं आमच्या गावाला गेले. ओटीचं ताट धरायला घरची सवाष्ण लागती, म्हणून गावातच दिलेल्या माझ्या नणंदेला, जयाबाईला, बरोबर घेतलं. वन्सं लई मायेच्या. पण वाटभर एकच विषय, त्यांच्या पिठाच्या गिरणीचं लाईटबिल. कंपनी आल्यापासनं दुप्पट झालंय, दर वाढवला तर बायका दळण घेऊन दुसऱ्या गावाला जात्यात, दिवाळीपतोर गिरणी बंद करावी लागणार. मी आपली हूं हूं करत होते. त्यांचं बिल आणि माझा शेअर एकाच तारेवर लोंबतंय, हे माझ्या डोक्यात येईल तर शपथ.

देवळात मंगळवारची गर्दी. आण्णाप्पा गुरवाला हळूच सगळं सांगितलं. त्यानं हात जोडले आणि लावला की सूर, "आई, पिरनवाडीच्या वैनी आल्यात, वीज कंपनीकडंच ऱ्हाऊ दे, सरकारकडं जाऊ देऊ नको, त्यांचा शेअर चढू दे…" रांगेतल्या सगळ्या बायका वळून माझ्याकडं बघाय लागल्या. एक म्हणाली, "आक्का, आमी हितं नेमकं उलटं मागाय उभ्या हाव."

मी कुणाचं वाईट चिंतलेलं न्हाय, म्हणायला गेले, तर घंटेच्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं न्हाय. आणि जयाबाई? ताटातला नारळ उगाच सरळ करत होत्या, तांदूळ सांडले.

मग मीच म्हणलं, आण्णाप्पा, थांबा, परत घाला. गिरणी चालू दे म्हणा.

"आणि शेअर?"

तोबी चढू दे.

"आक्का, दोन्ही कसं देईल ती? काय ते एक ठरवा, मागं रांग हाय."

ठरंना हो मला. डोळ्यापुढं अबोलीची फी, आणि शेजारी पीठ लागलेलं वन्संचं मनगट… शेवटी म्हणलं, तिच्या मनात असेल तसं करू दे. साडी खरं तर मागणं फळल्यावर नेसवायची, पण मी आधीच नेसवून टाकली, उगा तिच्यावर ओझं नको. मी कुणाचं वाईट चिंतलेलं न्हाय, एवढं तरी तिला कळलं असंल.

बाहेर पायरीवर चपला घालता घालता जयाबाई म्हणाल्या, "वैनी, तुमचं बुडालं तर अबोलीच्या फीला मी हाय की." गिरणी बंद पडायला आलेली बाई असं म्हणती, आता सांगा, मी देवीकडं मागू तरी काय?

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. ह्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग हळूच म्हणाले, मीबी आज शेअरच्या सल्लागाराकडं जाऊन आलो, अडीच हजार फी भरून. म्हणलं, काय म्हणाला तो?

"म्हणाला, देवाच्या मनात असेल तसं."

म्हणलं, साडी, नारळ, बस धरून मला तेच सहाशेत पडलं.